नागूबाईकडची ऑर्डर

आमच्या गल्लीतली नागूबाई वीस वर्षं कडक भाकरी विकते आणि सख्ख्या भावाच्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. महापालिकेच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांच्या कार्यकर्त्यांना भाकरी तिचीच. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी आम्ही यशपालदादांची माणसं तिच्या दारात तर्क लढवत बसलो होतो. समोरचा उमेदवार अवधूत माघार घेणार म्हणे, त्याचा फोन बंद होता. कुणी म्हणालं सेटिंग झालं, कुणी म्हणालं दमदाटी.

“कोन सांगितलं तुमाला?” नागूबाईनं भाकरी थापता थापता विचारलं.

“खुद्द दादांनी!” मी चिडलोच.

“अवधूतला उद्या दोनशे भाकरी पायजेत की. ‘उद्यापासून नको’ म्हणून सकाळी निरोप धाडलाय, तो तुमच्या दादानं.”