शिंगवालीला वेस उघडली

टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि बोलता बोलता एक अख्खं जग उभं करायचं, असा तो खेळ. आधी प्रत्येकाने आपलं पात्र ठरवायचं. उतईहून स्कूटीवर येणाऱ्या माझ्या मैत्रिणीने धनुर्धारी घेतली, भिलाईच्या सेक्टरमधल्या आमच्या कॉलेजच्या मित्राने पुजारी. मी टीफलिंग घेतली. टीफलिंग म्हणजे असे लोक, ज्यांच्या कुठल्याशा खापरपणजोबाने सैतानाशी सोयरीक केली आणि तेव्हापासून त्या घरात जन्मणाऱ्या प्रत्येकाला शिंगं नि शेपूट येते. जन्मणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. तरी त्याला रस्त्यात पाहिलं की लोक दारं लावून घेतात.

"मुश्किल जाईल तुले," तो म्हणाला.

तो म्हणजे खेळ चालवणारा. गावं, राजे, राक्षस, कोण कोणाशी कसं वागेल, सगळं तोच ठरवायचा. दर रविवारी दुपारी स्मृति नगरात त्याच्या घरी, वरच्या खोलीत आमचा अड्डा. त्याचे वडील स्टील प्लांटमध्ये अधिकारी होते. माझे बाबा त्याच प्लांटमध्ये क्रेन चालवून निवृत्त झाले आणि बोरसीत घर बांधून राहिले. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं, त्याला माझ्याशी. आमचं आमचं ठरलेलं होतं, फक्त घरी सांगायचं राहिलं होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी जीव लावून मागितली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको.

खेळात माझे हाल कुत्रं खात नव्हतं. कुठल्याही गावाच्या वेशीवर पोचलो की धनुर्धारीला भाकरी मिळायची, पुजाऱ्याच्या लोक पाया पडायचे, आणि माझ्यापुढे भाला आडवा व्हायचा. रात्री ते दोघे धर्मशाळेत, मी गोठ्यात. मी भांडायचे. "अबे, मागच्या गावात मीच राक्षस मारला ना? कावून नाही घेऊन राहिले मले आत?" तो शांतपणे म्हणायचा, "त्यांना काय माहीत? त्यांना शिंगं दिसतात. फासा टाक." फासा टाकला की आकडा कमीच पडायचा, म्हणजे वेस बंदच. फुकट म्हणून त्याने मला कधी काही दिलं नाही, आणि त्याची ती शिस्त मला आवडायची.

आणि खरं सांगायचं तर त्या हालांची मला मजाही वाटायची. कारण खेळ थांबला की त्याची आई खालून पोहे घेऊन यायची, वर तर्री ओतायची आणि माझ्या बशीत सगळ्यांपेक्षा जास्त. मी तिला काकू म्हणायचे. गोठ्यात झोपून उठायचं आणि काकूंच्या हातचे पोहे खायचे, यात दुःख कसलं?

आता माझ्या जन्माचं. मी मूळ नक्षत्रावर जन्मले. आमच्याकडे मुळावर मूल झालं की नक्षत्राची शांत होईपर्यंत बाप त्याचं तोंड पाहत नाही. बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते तेलाच्या वाटीत, माझं प्रतिबिंब. शांत झाली, भटजी जेवले, बाबांच्या लेखी विषय मिटला. पण मुलगी मुळावरची असली की ती सासऱ्याच्या जिवावर येते, हे काही कुठल्या शांतीने लोकांच्या डोक्यातून जात नाही.

घरी सांगितल्यावर गोंदियाच्या मामाने तोड काढली. "भाऊजी, घंटाभर मागं घ्या. दुपारी एकचा जन्म सांगा. ज्येष्ठा येते. ज्येष्ठा मोठ्या दिरावर, अन् पोराले मोठा भाऊ हायेच कुठी? कोणालेच काही होत नाही." बाबांना खोटं बोलणं जमत नाही, पण माझ्यासाठी त्यांनी ते पाठ केलं. दुपारी एक. दोन दिवस घरात पुटपुटत फिरत होते. मला हसू यायचं.

ठरल्या दिवशी आम्ही स्मृति नगरात गेलो. त्याच्या वडिलांच्या छातीत त्याच हिवाळ्यात स्टेंट बसवले होते, ते उशीला टेकून बसले होते. काकूंनी जन्मवेळ विचारली. बाबा म्हणाले, "दुपारी एक." सरळ, न अडखळता. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मग चहा आला. त्याच्या वडिलांनी बाबांना विचारलं, कोणत्या शॉपमध्ये होता, फोरमन कोण होता. बाबा खुलले. प्लांटमधली दोन माणसं भेटली की असंच होतं, तासभर भट्ट्याच बोलतात. आणि त्या भरात बाबांनी आपली लाडकी गोष्ट सुरू केली, जी त्यांनी माझ्या प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक हळदीकुंकवाला, येईल त्या पाहुण्याला ऐकवली आहे.

"हिच्या जन्माची गंमत सांगतो, साहेब. मी हॉस्पिटलच्या बाहेर उभा. सेकंड शिफ्टचा भोंगा वाजला अन् आतून हिची किंकाळी! मी म्हटलं, घ्या, पोरगी शिफ्टवर हजर झाली!"

त्याचे वडील खो खो हसले. काकू हसल्या नाहीत. भिलाईत सेकंड शिफ्ट किती वाजता लागते, हे कोणाला सांगावं लागत नाही. काकूंनी हातातली बशी खाली ठेवली आणि विचारलं, "दोनच्या भोंग्याला?"

बाबांनी हो म्हणून मान हलवली, आणि मग त्यांना दुपारी एक आठवलं.

परत येताना रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले. "मले वाटलं, ते आपलेच लोक आहेत." मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्यांना कुशीत घ्यावंसं वाटलं, आणि तेही केलं नाही.

पुढच्या रविवारी खेळ झाला नाही. तो फोनवर म्हणाला, "मी बोलून राहिलो ना आईशी. टाइम दे." त्याच्या पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांना बोलावलं. मी गेले. आशा किती निर्लज्ज असते, ते मला त्या दिवशी जिना चढताना कळलं.

खेळात आम्ही डोंगर उतरून एका गावाशी आलो. मी सवयीने गोठा कुठे आहे ते विचारलं. तो म्हणाला, "थांब. वेस उघडते." पहारेकरी बाजूला झाले. एक म्हातारी तांब्या घेऊन पुढे आली, तिने माझ्या शिंगांवरून हात फिरवला आणि म्हणाली, ये माय, हे घर तुझंच आहे. गावाने माझ्यासाठी दिवे लावले. मैत्रीण टेबल बडवून ओरडली, "अरे वा! आखिर घुसली तू!" पुजारी टाळ्या वाजवत होता.

मी फासा हातात घेऊन बसले होते. त्याने टाकायला सांगितलाच नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने मला काही फुकट दिलं होतं, आणि देताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला उत्तर मिळालं. घरात जे देता येणार नव्हतं, ते त्याने मला गावात देऊन टाकलं होतं.

खेळानंतर मी त्याला गच्चीवर गाठलं. "आई नाही म्हणाली ना?"

"पप्पांची तब्येत तू पाहून राहिली ना," तो म्हणाला. "काही झालं तर आई मले जन्मभर..." मग म्हणाला, "मी आज तुझ्यासाठी ते गाव..."

"पाहिलं," मी म्हटलं.

एक अख्खा देश त्याच्या शब्दावर उठायचा-बसायचा, आणि खालच्या मजल्यावर एक वाक्य बोलायची त्याच्यात ताकद नव्हती. मी त्याला षंढ म्हणाले. तो रडला. मी त्याच्याकडे पाठ करून पोहे खायला खाली गेले, कारण नाही गेले असते तर काकूंना वाईट वाटलं असतं. असा आमचा मूर्खपणा.

त्याचं लग्न झालं, नागपूरची मुलगी, पत्रिका स्वच्छ. दोघे पुण्याला गेले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचे वडील वारले.

बाबा म्हणाले, भेटून यायला पाहिजे. मी नको म्हणत होते. पण बाबांच्या चेहऱ्यावर दुःखाबरोबर आणखी काहीतरी होतं, ते त्यांना लपवता येत नव्हतं. सून बिनदोषाची, मी त्या घरात नाही, तरी माणूस गेलाच. म्हणजे त्यांची पोरगी निर्दोष सुटली. मलाही, देवा, तसंच वाटत होतं.

बाबा अंगणात पुरुषांत बसले. मी आत गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, आधीपेक्षा निम्म्या झालेल्या. मी शेजारी बसून त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. मग त्या हळूच, राग न धरता, नुसतं सांगावं तसं म्हणाल्या, "तुझं येणं-जाणं तं होतंच ना बेटा या घरात."

मी उठले. कोणी थांबवलं नाही.

बाबा फाटकापाशी स्कूटर वळवून उभे होते. "काय म्हणल्या वहिनी?" त्यांनी घाईघाईने विचारलं.

"रडल्या," मी म्हटलं. "येत जा म्हणल्या."

बाबांचा चेहरा उजळला. "पाह्य, मी म्हणत होतो ना," ते म्हणाले, "मनाच्या चांगल्या हायेत." आणि बोरसीपर्यंत ते मला त्या घराचा चांगुलपणा सांगत राहिले.