रिकामं नाक

मालवाहू विमानात पुढे किती वजन ठेवायचं, मागे किती, हा हिशेब आत्याने विमानतळावर तीस वर्षं केला. एकदाही चुकली नाही. निवृत्त झाल्यावर तिने जेवणाचं अर्धं टेबल अडवलं आणि त्याच विमानांची वीतभर प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायला घेतली. उरलेल्या अर्ध्यावर घरातले निमूट जेवत.

या खेपेचं विमान मुकादमांसाठी होतं. तिच्या कागदाबरहुकूम माल चढवून घेणारे ते. आता पायांनी दगा दिल्याने घरीच असत. रविवारी त्यांची पंच्याहत्तरी होती. शनिवारी रंग वाळला, आत्याने विमान चाकांवर ठेवलं, आणि ते मागे कलंडून शेपटीवर बसलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच.

विमानाचं धड चिकटवण्याआधी नाकात वजनासाठी शिशाचे छर्रे घालायचे असतात. ते राहिले होते.

“वन्सं, हत्ती गेला नि शेपूट राहिलं!” वहिनी हसली. “लावा टेकू. कोण बघतंय?”

“मुकादम बघतील.”

आता नाक उघडायचं म्हणजे रंगाची वाट. आत्याने काडीचा टेकू लावला. माल चढवताना खऱ्या विमानालाही शेपटीखाली टेकू देतातच. तसं सांगता आलं असतं.

रविवारी घरी आलेलं विमान मुकादमांनी चष्मा पुसून न्याहाळलं. “वा बाई! माल चढतोय वाटतं?”

नुसतं ‘हो’ म्हटलं की भागत होतं.

“तुमचा कागद मी कधी दुसऱ्यांदा तपासला नाही, बरं का,” ते पुढे म्हणाले.

आत्याला ‘हो’ म्हणवेना. “माल कसला, मुकादम! छर्रे घालायचे विसरले. नाक रिकामं आहे.”

मुकादम ठसका लागेपर्यंत हसले. “अगं ए, ऐकलंस का? बाई चुकल्या!”

“मग तुम्हाला कसल्या उकळ्या फुटतायत?” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

आत्याने पर्स उघडली. पातं, गोंद आणि छर्रे तिने येताना बरोबर घेतले होते. घेताना का घेतेय, ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. मुकादमांनी विमानाचं धड दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तिने नाकाचा सांधा कापला, छर्रे भरले आणि नाक परत चिकटवलं. विमान तिन्ही चाकांवर सरळ उभं राहिलं. नाकाभोवतीचा रंग मात्र पार उडाला होता.

“घरी नेऊन रंगवून आणते,” ती म्हणाली.

“नेताय कुठे? माझंय ते,” मुकादमांनी विमान जवळ ओढलं. “रंग घेऊन तुम्हीच या पुढच्या रविवारी.”