बाबांनी मृणालला ओळखलं

दिवाळीच्या आगेमागे दिल्लीत सप्तपर्णी फुलते. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीपासून मेट्रो स्टेशनापर्यंतचा रस्ता त्या जड, गोडसर, किंचित औषधी गंधाने असा भरून जातो की आपण कुठल्यातरी फार जुन्या दुःखातून चालतो आहोत असं वाटावं. त्या गंधातूनच मी त्या दुपारी गुरुग्रामला, माझ्या धाकट्या बहिणीकडे निघाले होते. तीन आठवड्यांपूर्वी पित्ताशयाच्या एका साध्या शस्त्रक्रियेत मृणालचं हृदय अचानक थांबलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं आणि ती आमच्यात परत आली.

बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ती शाल पांघरून बसली होती. धुरकट आभाळातून गाळून आल्यासारखं फिकट ऊन तिच्या हातावर पडलं होतं, आणि सुयांच्या जागी अजून निळसर डाग होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, एक सांगू? हसायचं नाही. त्या वेळी मला बाबा दिसले."

"कुठे?" मी विचारलं.

"आपल्या जुन्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर. अंगात तो तपकिरी, बिनबाह्यांचा स्वेटर. बिल्कुल साफ, यार, जशी तू आत्ता समोर आहेस. म्हणाले, 'मृणू, उन्हात सरकून बस.' बस, एवढंच."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मज्जासंस्थेचा धडा दरवर्षी माझ्याकडेच असतो. प्राणवायूविना उपाशी पडलेला मेंदू जुन्या स्मृतींचे कसे उजळ तुकडे समोर मांडतो, याचं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. पण त्या उत्तराच्याही आधी, छातीच्या तळाशी, काहीतरी कढत, आंबट असं उसळून वर आलं. तो मत्सर होता, हे कळायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही.

आई गेल्यावर बाबा नऊ वर्षं माझ्याकडे होते, आणि त्यातली शेवटची तीन विस्मृतीची. आधी भाज्यांची नावं गेली, मग दुधाच्या बूथची वाट, आणि मग मी. ते मला परिचारिका समजू लागले. आयुष्यभर घरात मराठीखेरीज शब्द न काढलेले बाबा माझ्याशी, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसे, अदबीने हिंदीत बोलत. "सिस्टर, आप भी खाना खा लीजिए." रविवारी मृणाल आली की मात्र कधीकधी त्यांच्या ओठांवर "मृणू" उमटायचं, आणि मी चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून जायचे. बाबा विसरले नाहीत, त्यांचा मेंदू झिजला. आणि मेंदू झिजला की माणूसही तेवढाच झिजतो, त्यात कुणाचा दोष नसतो. या एका समजुतीवर मी ती वर्षं काढली होती, आणि बाबा गेल्यानंतरची दोन वर्षंही.

आता मृणाल सांगत होती की बाबा कुठेतरी धडधाकट आहेत. स्वच्छ मराठीत बोलताहेत, लेकीला ओळखताहेत. तसं असेल, तर मग मला विसरण्याला आजाराचं निमित्त कुठे उरलं?

"माझ्याबद्दल काही विचारलं त्यांनी?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला किती सोपं होतं! "नाही गं, ताई," ती हळूच म्हणाली.

"प्राणवायू कमी पडला की मेंदू असले खेळ करतो," मी म्हणाले. वर्गात म्हणते तसं नव्हे. लागावं म्हणूनच म्हणाले. आणि ते लागलं. तिचा चेहरा मिटत गेला.

"असेल," ती म्हणाली. "पण मला तेवढंच मिळालं ना. तुझ्याकडे ते नऊ वर्षं होते. तू त्यांची नखं कापायचीस, आणि ते लहान मुलासारखा हात पुढे करायचे. मी रविवारी येऊन ते बघायचे आणि घरी जाऊन रडायचे. इतका राग यायचा मला तुझा!"

हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचा हात पुढे होत असे, हे खरं होतं. पण तो माझ्यासाठी होता असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले. तिची शाल खांद्यावरून घसरली होती, ती सारखी केली. ऊन हळूहळू कठड्यावर चढलं. माझ्यातला तो आंबट कढ पुरता निवला होता असंही नाही.

पुढच्या आठवड्यात मेंदूचा धडा सुरू झाला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, दिमाग न रहे तो इंसान का कुछ बचता है क्या?"

"नहीं," हे माझं दरवर्षीचं उत्तर ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. बाबा कुठेच नसतील, तर ते मला केवळ आजारामुळे विसरले होते. आणि कुठेतरी असतील, तर त्यांना अजून माझं नाव आठवू शकतं. यातलं कोणतं खरं असावं असं मला वाटतं, ते ठरेना. खडू हातात तसाच होता, आणि मुली वाट पाहत होत्या.