बाजरीतला भोपळा

लग्न होऊन मी माण तालुक्यात आले, तेव्हा घरात बाजरीवरून जुंपली होती. सासरे पलटणीतून पेन्शनवर आलेले, त्यांना युरियाचं वेड. सासूबाईंचा सगळा जीव उकिरड्यात. आणि उकिरडा जिच्या जिवावर चालायचा, ती म्हैस भाकड झालेली.

“नुसत्या शेणासाठी म्हस कोण पोसतंय? म्हसवडच्या बाजारात इकून टाकू,” सासरे म्हणाले.

रेडकू असल्यापासून सासूबाईंनी ती वाढवली होती. डोळे भरून आले तरी त्यांचा आवाज चढला. “निम्म्या वावरात तुमचा युरिया, निम्म्यात माझं शेणखत. तुमची बाजरी सरस आली तर खुशाल न्या म्हस.”

मी अर्थातच म्हशीच्या बाजूची.

पेरणीआधी सासूबाई माहेरी गेल्या. त्यांची पाठ वळते न वळते तोच सासऱ्यांनी पाटी उचलली आणि उकिरड्यातलं खत आपल्या निम्म्यात नेऊन पसरलं. जन्मात शेणाला बोट न लावलेला माणूस, मिशीला खत लागेपर्यंत राबला. “युरियाला वाईच आधार. बोलायचं न्हाई हं, पोरी,” मला ताकीद मिळाली.

पुढे कोळपणी झाली. सासरे कामासाठी साताऱ्याला गेले आणि सासूबाई पदर खोचून युरियाच्या पोत्यापाशी. “माझ्या बाजरीला वाईच टाकते. म्हशीसाठी करतीया गं. बोलू नगंस.”

माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या माहेराला ठाऊक होतं. तो पावसाळा मी कसा काढला, माझं मला माहीत.

बाजरी दोन्हीकडे सारखीच आली, आणि अशी की लोक बांधावर थांबून बघायचे. फक्त सासऱ्यांच्या निम्म्यात मधोमध भोपळ्याचा वेल पसरला होता. आता आमच्याकडे भोपळ्याच्या बिया टाकायची जागा एकच, उकिरडा. सासूबाईंनी वेल पाहिला आणि त्यावरचा सगळ्यात मोठा भोपळा हेरून ठेवला.

काढणीच्या दिवशी सासूबाईंनी सासऱ्यांच्या ताटात भोपळ्याची भाजी वाढली.

“आवं, युरियाला भोपळंबी लागत्यात व्हय? लय भारी खत हाय!”

सासऱ्यांनी घास सावकाश गिळला. “भारी हाय म्हनूनच माझं पोतं हलकं झालं न्हवं?”

सासूबाईंचा चेहरा पडला. मला मात्र हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला.

“मग... म्हस?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

सासरे हात धुऊन उठले, भोपळ्याच्या सालींची पाटी घेतली आणि गोठ्याकडे निघाले. “ऱ्हाऊ दे तिला. पुढल्या साली दोन्ही खतं मिळून टाकू,” दारातून ते म्हणाले. “बिया तेवढ्या उकिरड्यात टाकू नगा.”