उंबऱ्याबाहेरचे व्याही

"फेका ते पाणी, इहीणबाई!"

आमचे व्याही, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, उंबऱ्याबाहेरून ओरडले तेव्हा मी वाटी लेकीच्या ओठाला लावली होती. सकाळपासून तिला जुलाब आणि उलट्या. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडीठाक, पोटात सात महिन्यांचं लेकरू. मी तिला बाळंतपणासाठी न्यायला पोखर्णीजवळच्या तिच्या सासरी आले होते. जावई गाडी आणायला गेला तो ओढ्याच्या पुरापलीकडे अडकला होता.

"काय टाकलंय त्यात?"

"मीठ. चांगलं मूठभर. ताकद यावी म्हणून."

"आन् साखर?"

"गोडानं जुलाब वाढतात."

"कैरीला मीठ चोळल्यावर काय व्हतंय? पाणी सुटतंय ना? मग लेकीचं लोणचं घालायलाव का?"

असा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. पूर्णेच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं आणि त्यातला एकच धडा घरी आणला, पेशीच्या पटलाचा. अंगातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पडदा असतो, हे ते भाजीवालीलाही सांगत. माझ्या लेकीच्या लग्नात वऱ्हाडी गच्चीवर झोपायला गेले, तर यांनी त्यांच्या दोन ओळी पायांना पाय लावून निजवल्या. "हे बघा पटल! डोकी भाईर पाण्याकडं, पाय आत कोरडे." नवरदेवाचे मामा तांब्या घ्यायला उठले तर हे ओरडले, "पटल फाटलं!" पटलाला कुणी चाळणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. चाळणीतून बारीक असेल ते सगळं पडतं, पटल मात्र निवडून आत घेतं, त्याला दारं असतात, असं ते सांगत. एकदा पटलातून पाणी आत कसं जातं ते दाखवायला पाहुण्यांपुढे पाण्यात मनुका ठेवल्या आणि त्या फुगेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मी चौथी शिकलेली. मी तोंडावर म्हणाले, "इवाई, या पडद्यानं चूल पेटती का?" ते हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

एवढी दारांची गोष्ट करणारा हा माणूस सुनेच्या खोलीच्या दारातून मात्र कधी आत गेला नाही. सासऱ्यानं तिथं पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरचा रिवाज. काही हवं असलं की उंबऱ्याबाहेर उभं राहून खोकायचे.

त्या दिवशी त्यांनी चुलीपाशी बसून पाणी केलं. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक चमचा बोटानं सपाट करत होते.

"इकडं जीव चाललाय आन् तुमी साखर सारवायलाव!"

"आतड्याच्या पेशीला एक दार हाय, इहीणबाई. त्या दारातून मीठ एकटं आत जात न्हाई. साखरंचा हात धरूनच जातंय. मग त्यांच्या मागं पाणी. जुलाबात बी ते दार चालू ऱ्हातंय."

मी पहिला चमचा पाजला, तो तिनं ओकून टाकला. थोडं थांबून दुसरा दिला, तर दात आवळले. "आई, नको." मी रागावले, गोंजारलं, गाल दाबले. तोंड उघडेना. बाहेर नुसतं खोकणं चाललं होतं. मी उठले आणि व्याह्यांचं मनगट धरलं.

"चला आत. तुमचा शब्द ती मोडत न्हाई."

"मी कसा येऊ?"

"एकटं येता येत न्हाई, तर माझ्या हाताला धरून या."

ते आले. सुनेचा हात पदर शोधू लागला. "राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तोंड उघड."

तिनं उघडलं.

दिवस कलेपर्यंत ते चमचा चमचा पाजत राहिले. दिवेलागणीला तिला सकाळपासून पहिल्यांदा लघवी झाली, म्हणजे पाणी अंगात टिकलं होतं. एवढ्यावर कुणी रडतं का? इवाई रडले. मग ओढा उतरला, गाडी आली, आणि परभणीच्या दवाखान्यात तिला सलाईन लागलं.

ती दवाखान्यातून घरी आल्यापासून ते पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं राहून खोकू लागले. या उन्हाळ्यात झोपेतच गेले. अजून बाहेर कुणी खोकलं की लेकीचा हात पदराकडे जातो.

ती जगली. पोटातली पोरही जगली.