लोक खोकले तिथे कात्री

ऑपरेटरला जन्मभर सगळे ऑपरेटरच म्हणत आले. थिएटर बंद पडलं, पिक्चर दाखवायची दोन्ही मशीनं भंगारात गेली, पडदा होता तिथे कपड्यांचं तीन मजली दुकान उभं राहिलं, तरी भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी ऑपरेटर तो ऑपरेटरच. त्यालाही ते आवडायचं. आणि गप्पांना बसला की दहाव्या मिनिटाला गाडी सायकलवाल्या पिक्चरवर आलीच म्हणून समजा.

पिक्चरचं खरं नाव वेगळं होतं, पण लोकांनी त्याचा सायकलवाला पिक्चर करून टाकला होता. हिरो सायकलवरून हिरॉईनच्या मागे लागतो. बाजारात, कॉलेजात, पुलावर, पार तिच्या मावशीच्या दारापर्यंत. शेवटी ती वळून हसते, की संपली गोष्ट. पंचवीस आठवडे चालला. ‘जवळजवळ सातशे वेळा दाखवलाय मी,’ ऑपरेटर छाती फुगवून सांगायचा, ‘झोपेतून उठवून विचारा, पुढे काय येणार ते सांगेन.’

आणि मग त्याची स्वतःची गोष्ट यायची. थिएटरसमोर शिवणाचं दुकान होतं, तिथे एक मुलगी काजं-बटणं करायची. पिक्चर यायच्या महिनाभर आधीपासून हा तिच्या मागे पायी पायी जायचा. तेवढ्यात पिक्चर आला आणि त्याला वाटलं, अरेच्चा, म्हणजे आपलं बरोबरच चाललंय की! लगेच त्याने एक जुनी सायकल मिळवली, तिला नवी कोरी घंटी बसवली आणि सहा महिने ती घंटी त्या मुलीच्या मागे वाजवली. मग एक दिवस, पुलावरच, ती वळून हसली. पुढच्या महिन्यात लग्न. ‘पिक्चरने जमवलेलं लग्न आहे आमचं!’ इथे तो टाळीसाठी हात पुढे करायचा आणि लोक टाळी द्यायचे. बायको त्या वेळी आत असायची. कधी दूध बघायला, कधी वाळलेले कपडे काढायला. ‘लाजते अजून,’ तो म्हणायचा. कुणाचं लाजणं इतकी वर्षं टिकतं, असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. पुरुषांना अशा गोष्टींचं नवल वाटत नाही.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. नात अठराची, फोनवर व्हिडिओ बनवण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नाही. तिने बेत केला की आजी-आजोबांची गोष्ट त्यांच्याच तोंडून घ्यायची, मध्ये मध्ये पिक्चरचे तुकडे जोडायचे आणि सगळे नातेवाईक जमले की मोठ्या टीव्हीवर लावायची. ऑपरेटर हरखून गेला. आपण गेल्यावर मागे काय उरणार, दमा आणि चष्मा? ही एक गोष्ट तरी उरेल. रविवारी दुपारी त्याने घोटून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, खिडकीचे पडदे ओढून खोलीत अंधार केला. बायको स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर शेंगा सोलत बसली. बाहेर येऊन बस म्हटलं तर ‘इथूनच दिसतंय’ म्हणाली. नातीने फोन स्टँडवर लावला आणि पिक्चर सुरू केला.

प्रिंट कुणीतरी धुऊन-पुसून लख्ख केली होती. एक ओरखडा नाही, एक डाग नाही. पहिली दहा-बारा मिनिटं ऑपरेटर खुशीत होता. आता टांगा उलटणार, आता पोलीस घसरणार, सगळं तो आधीच सांगत होता. मग रीळ संपायची वेळ आली, त्याचा उजवा हात आपसूक उचलला गेला आणि तसाच राहिला.

ठिपका आलाच नाही.

त्याचं काय आहे, रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्या मशीनच्या हवाली करायचा. चुकलं की पडदा पांढरा आणि खालून आई-बापाचा उद्धार. म्हणून ऑपरेटर त्या एका कोपऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायचा. पिक्चर धुणाऱ्यांनी डागांबरोबर ठिपकेही पुसले होते. आता त्याच्या नजरेला कोपऱ्यात काही कामच उरलं नाही. ती सुटली आणि पडद्याच्या मध्यावर आली. तिथे हिरॉईनचा चेहरा होता.

हा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे पाहिला होता, सातशे वेळा, पण आता तो हातभर अंतरावर आल्यासारखा वाटत होता. ती बाजारातून चालली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली. दर चार पावलांनी मान किंचित वळायची आणि पुन्हा सरळ व्हायची. हे ती लाडात करतेय, असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

आणि घंटी. मशीनच्या खडखडाटात वर केबिनमध्ये पिक्चरचा आवाज धड पोचायचाच नाही. आता या शांत खोलीत ती घंटी सायकल दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येत होती. ट्रिंग. रस्ता रिकामा. ट्रिंग. हिरॉईन पावलं उचलते. ट्रिंग, अगदी जवळ, जणू टीव्हीच्या मागून. ऑपरेटरने खांद्यावरून मागे पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीवरचं घड्याळ.

“आजोबा, हा हिरो आहे ना नक्की?” नातीने विचारलं. “मला वाटलं व्हिलन.”

“अगं, ते तसंच असायचं तेव्हा,” तो म्हणाला. स्वयंपाकघराच्या दाराशी शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

आता पूल येणार होता. पुलावरून ती धावत जाते, आणि लगेच पुढच्या सकाळी त्याच पुलावर वळून हसते. याच हसण्याला थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक. ऑपरेटर जरा सावरून बसला. “आता बघ हां,” तो म्हणाला, “आता हसणार.”

पडद्यावर हिरॉईन धावत पुलावरून गेली. आणि सकाळ झाली नाही.

ती एका खोलीत शिरली. छोटी खोली, एक खाट, एक आरसा, एक खुर्ची. तिने कडी लावली. मग खुर्ची ओढत आणून दाराला टेकवली आणि स्वतः खुर्चीवर बसली, पाठ दाराला लावून. बाहेरून घंटी वाजली. ती हलली नाही. पुन्हा वाजली. तिने हाताने तोंड दाबून धरलं. संगीत नाही, बोलणं नाही, नुसता तिचा श्वास आणि ती घंटी.

ऑपरेटर खुर्चीतून अर्धा उठला. “हे यात नाहीये,” तो म्हणाला. “ए, बंद कर. हे कुणीतरी मागाहून घातलंय. मी सांगतो ना, सातशे वेळा दाखवलाय मी. ही खोलीच नाहीये या पिक्चरमध्ये!”

“आजोबा, हिरॉईन तीच आहे. साडी तीच आहे. चाळीस वर्षांनी कोण काय घालणार?”

खोलीतली बाई उठली. आरशासमोर गेली. केस नीट केले आणि आरशात बघून हसायला लागली. म्हणजे हसायचा प्रयत्न केला. ओठ ताणले गेले, डोळे तसेच राहिले. तिने तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं. तेवढ्यात कुठूनशी एक खोडकर बासरी वाजायला लागली. पिक्चर काढणाऱ्यांना हा सगळा विनोदच वाटला असावा, मेल्यांना! आणि मग झाली सकाळ. पुलावर ती वळली आणि हसली. आरशातलं तिसरं हसू, तसंच्या तसं.

“होती ती खोली,” बायको स्टुलावरून म्हणाली.

दोघंही वळले. तिच्या मांडीवरचं ताट तसंच होतं. ती पडद्याकडे बघत होती.

“पहिल्या आठवड्यात होती. दुकानातल्या मुलींबरोबर मी बघितली. नंतर तुम्ही कापलीत.”

आता ऑपरेटरला आठवलं. गर्दी आवरेना म्हणून मालकाला दुसऱ्या आठवड्यापासून तीनाचे चार खेळ हवे होते. बारा मिनिटं जास्त होत होती. कुठे कापायचं ते ऑपरेटरवर सोडलेलं, आणि त्याचा नियम ठरलेला होता. शिट्ट्या वाजतात तिथे हात लावायचा नाही. लोक खोकतात, खुर्च्या कुरकुरतात, बाहेर सटकतात, तिथे कात्री. त्या खोलीत सगळं थिएटर खोकायचं. त्याने तेवढी फिल्म काढली, दोन्ही टोकं खरवडून चिकटवली आणि तुकडे डब्यात टाकले. प्रिंट परत पाठवताना तुकडे जोडायचे असतात. तेही राहून गेलं; बाकी गावांतल्या प्रिंटमध्ये ती खोली तशीच होती. पुढचे चोवीस आठवडे हिरॉईन पुलावरून धावत जाऊन थेट हसत राहिली, आणि आपण काही कापलंय हे तो स्वतःच विसरला.

“तुमची सायकल आली त्या आठवड्यात मी परत गेले होते पिक्चरला,” बायको सांगत होती. तिचा आवाज रोजचाच होता, दूध संपलंय सांगावं तसा. “एकटीच गेले. कडी लावल्यावर ती पुढे काय करते, ते बघायचं होतं मला. पहिल्या वेळी मुलींच्या बडबडीत नीट बघितलं नव्हतं. गेले तर ती खोलीच नाही. खाली बसून मी वर तुमच्या झरोक्याकडे बघितलं. मला वाटलं, ह्यांना कळलंय. मी हिच्यासारखी घाबरलेय ते ह्यांना कळलंय आणि म्हणूनच ह्यांनी ते कापलं. घरी सांगून उपयोग नव्हता. बाबा म्हणाले होते, सगळी गल्ली बघतेय, आता दुसरा कोण विचारणार तुला? मग पुढे काय करायचं ते माझं मलाच शोधावं लागलं.”

“लोक खोकत होते गं,” ऑपरेटर म्हणाला. “एवढंच. लोक खोकत होते म्हणून...”

“हो का,” ती म्हणाली.

नातीचा फोन स्टँडवर चालूच होता. त्याचा लाल ठिपका लुकलुकत होता. “आजोबा,” तिने हळूच विचारलं, “हे... हे ठेवायचं का व्हिडिओत?”

“कापून टाक एवढं,” ऑपरेटर बोलून गेला. तोंडातून शब्द बाहेर पडले आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. बायकोने खाली बघून पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या. जणू तिला हेच अपेक्षित होतं. “नाही,” तो घाईने म्हणाला, “नाही नाही. राहू दे. सगळं राहू दे. माझं बोलणं काढ हवं तर. पुलाचं, टाळीचं, ते सगळं काढ. आजीचं ठेव.”

नात गेली तेव्हा खोलीत पडदे ओढलेलेच होते. टीव्ही बंद होता. ऑपरेटर खुर्चीतच बसून होता आणि त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट उलटीकडून उलगडत होती. रस्त्याने जाताना बायको कायम म्हणायची, ‘तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून.’ लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. बाजारात, दवाखान्यात, जिन्यावर. त्याला वाटायचं, मान देते. पहिली अडतीस वर्षं एकदाही तिने त्याच्याकडे पाठ करून चार पावलं टाकली नव्हती. अलीकडे, गेल्या दोनेक वर्षांत, ती झरझर पुढे निघून जायची आणि तो धापा टाकत मागून यायचा. हे कधी बदललं, का बदललं, त्याला सांगता आलं नसतं. त्याला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती. तो उठून तिच्या स्टुलापाशी गेला. अगदी जवळ गेला नाही. दोन पावलं अलीकडेच थांबला.

“तुला माझी भीती वाटायची?”

“वाटायची.”

“लग्नानंतर?”

“तेव्हाही. बरीच वर्षं.”

“आणि आता?”

तिने टरफलं एका बाजूला सारली, दाणे दुसऱ्या बाजूला. विचार केला. त्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलेल अशी ती बाई नव्हती, हे त्याला आजच कळत होतं.

“आता काय,” ती म्हणाली, “आता तुम्ही म्हातारे झालात. आता तुम्ही मागून आलात, तरी मी आधी पोचते.”