नाव नसलेला खांब

कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम त्या दिवशी मध्ये पडल्या नसत्या, तर माझी नोकरी गेलीच असती. परवा इथं भोपाळात, करोंदच्या बाजारात, गावाकडच्या मोहफुलांचा वास आला आणि ते सगळं पुन्हा डोळ्यांपुढे उभं राहिलं. सातवीत शाळा सुटलेली मी मेळघाटातून भोपाळला आले होते आणि त्यांच्या विभागात चहा द्यायची. त्या दिवशी वर्गात टेबलावर चंद्र-सूर्य कोरलेला एक सागाचा खांब आडवा ठेवला होता. आमच्या जमातीत माणूस गेलं की त्याच्यासाठी असा खांब रोवतात, मग तो कुणी हलवत नाही. "दीदी, ट्रे इसी पे रख दो," एक मुलगा म्हणाला. मी ट्रे घेऊन मागं सरले; सांगितलेलं न ऐकणारीला तिथं कामावर ठेवत नसत. "भूत देख लिया क्या?" सगळे हसले. मॅडमनी मराठीत विचारलं, "काय झालं गं?" मी भीत भीत म्हणाले, "मॅडम, हे आमचं मेलेलं माणूस आहे."  पण कुणाचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. इंग्रजांच्या काळात तो उपटून आणणाऱ्या साहेबानं नुसती लांबी लिहून ठेवली होती. मॅडमनी मुलांकडून खांब उभा करवला. "पहले दीदी से पूछेंगे, फिर पढ़ेंगे," म्हणाल्या आणि पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. खांबाला पाणी घालताना गेलेल्याचं नाव घ्यावं लागतं; कुणाचं घ्यावं ते कळेना, म्हणून मी माझ्या बापाचं घेतलं. तो गेला तेव्हा मी इथंच होते, त्याचा खांब अजून रोवायचाय. रोवीन त्या दिवशी मॅडमना गावी नेईन आणि खांबाच्या जेवणाचं पहिलं ताट त्यांना वाढीन.